थायलेरियाची लस: गोठ्याच्या भेगांपासून सहाव्या आठवड्यापर्यंत, क्रमाने

"लस टोचली होती, तरी गाय गेली." आषाढ-श्रावणात हे वाक्य सिन्नर आणि निफाडच्या गोठ्यांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता काहीही बोलण्याआधी तीन प्रश्न विचारतो. लस कशातून आणली? टोचायच्या दिवशी ताप मोजला होता का? आणि पुढच्या महिनाभरात गायीला कोणकोणती इंजेक्शने दिली? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा वही नसते. आठवून आठवून उत्तर येते: "खोकत होती, म्हणून एक तीन दिवस चालणारं अँटिबायोटिक मारलं होतं." त्या गायीची लस तिथेच संपलेली असते.

घटसर्पाच्या आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीत मारलेले जंतू असतात. थायलेरिया हा गोचिडातून गायीला होणारा आजार, आणि त्याची लस जिवंत असते. तिच्यात गायीच्या जिवंत पेशी असतात आणि त्या पेशींच्या आत जिवंत परजीवी. उन्हाने, स्पिरिटने, चुकीच्या औषधाने ती मरते. आधीच आजारी असलेल्या जनावराला टोचली तर ताप कशाचा हे कुणालाच कळत नाही. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

## सुरू करण्याआधी: लसीत नेमके काय असते

आपल्याकडे 'गोचीड ताप' हे नाव तीन आजारांना सरसकट वापरतात: थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा. ही लस फक्त पहिल्यासाठी, आणि त्यातही थायलेरिया ॲन्युलाटा या एका जातीसाठी आहे. गाय कॉफीसारखी लघवी करत असेल तर तो बहुधा बबेसिया, आणि या लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

रानातला थायलेरिया गोचिडाच्या लाळेतून येतो, गायीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला न थांबता वाढायला लावतो. पेशी दुप्पट झाली की आतला परजीवीही दुप्पट होतो. अशा पेशी आजूबाजूचे मांस कुरतडणारी विकरे सोडतात आणि लसिका गाठीतून (लिम्फ नोडमधून) निघून फुप्फुस, यकृत, आतड्यापर्यंत पसरतात. परजीवीचा जहालपणा म्हणतात तो बराचसा हाच. पुढे तो तांबड्या पेशीत उतरतो, रक्त कमी होते, आणि तेच रक्त पिऊन पुढचा गोचीड बाधित होतो.

लसीसाठी अशाच पेशी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात. बाटली भरली की थोड्या पेशी नव्या बाटलीत घालतात. याला पॅसेज म्हणतात. शंभर, दीडशे, कधी त्याहून जास्त पॅसेज झाले की पेशींचा पसरण्याचा जोर उतरतो, पण गायीचे शरीर त्यांना अजून ओळखते. पॅसेज कमी पडले तर लसच आजार देते. फार झाले तर गाय त्यातून काही शिकत नाही. या दोन टोकांमधली जागा शोधून, तपासून, मगच तो स्ट्रेन, म्हणजे परजीवीचा वाण, लसीला घेतात. गुजरातेतला ओड, इस्राएलमधला टोवा, इराणमधला एस-१५ हे असे तयार केलेले स्ट्रेन. एका स्ट्रेनची लस दुसऱ्या ठिकाणच्या परजीवीपासूनही बऱ्यापैकी वाचवते, मात्र पूर्ण नाही. म्हणून लसीनंतरही गोचीड आवरावेच लागतात.

लसीचा परजीवी सहसा तांबड्या पेशीपर्यंत पोचत नाही, म्हणून लस टोचलेल्या गायीकडून गोचिडाला तो मिळत नाही. लसीनंतर रक्ताच्या काचेवर (तपासणीसाठी काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) तांबड्या पेशींत थायलेरिया दिसला, तर तो रानातला आहे असे धरून चला.

सावध: बरी झालेल्या गायीचे रक्त काढून वासराला टोचण्याचा सल्ला अजूनही काही जण देतात. असे अजिबात करू नका. त्या रक्तातला परजीवी सौम्य केलेला नसतो, आणि त्याच सुईने बबेसिया, ॲनाप्लाझ्मा आणि इतर रक्तातले आजारही वासरात जातात.

## टप्पा १: कोणाला टोचायची आणि कोणाला नाही

संकरित आणि विदेशी गायी, म्हणजे होल्स्टिन, जर्सी आणि त्यांच्या सगळ्या पिढ्या. वय तीन महिने पूर्ण आणि पुढे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या लसीकरणाच्या तक्त्यात ही लस फक्त संकरित आणि विदेशी गायींसाठी आणि आयुष्यात एकदाच सांगितली आहे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडच्या डांगी जनावरांत हा आजार बहुतेक वेळा सौम्य जातो. घोटीच्या बाजारातून आणलेल्या डांगी बैलाला ही लस शोधत फिरायची गरज नाही. पण एक लक्षात ठेवा: डांगी, गीर जनावरे स्वतः आजारी न दिसता परजीवी अंगात बाळगू शकतात. एकाच दावणीला डांगी बैल आणि होल्स्टिन कालवड बांधली, तर बैलाच्या अंगावरचा गोचीड कालवडीला महागात पडतो.

पुढील जनावरे थांबवा:

- ताप असलेली, खाणे कमी झालेली, जुलाब किंवा खोकला असलेली
- शेवटच्या तीन महिन्यांतली गाभण गाय, आणि नुकतीच व्यायलेली. ती सावरली की मग
- गेल्या महिनाभरात गोचीड तापाचे उपचार झालेली
- बाजारातून आणून तीन आठवडे न झालेली

कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस असते, तीही जिवंत. दोन्हींचा एकच दिवस ठरवू नका. लंपीची, लाळ्या-खुरकुताची लस जवळ आली असेल तरी मध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवा आणि आधी कोणती, हे डॉक्टरांना विचारा.

## टप्पा २: महिना आधी ठरवा

आपल्या नाशिक जिल्ह्यात संक्रांत ते शिमगा हा काळ सर्वांत चांगला. निफाडच्या थंडीत गोचिडांची हालचाल मंद असते. फेब्रुवारीत लस टोचली तर एप्रिलच्या उन्हात आणि जूनच्या दमटपणात गोचीड फुटेपर्यंत गायीची तयारी झालेली असते.

अडचण अशी की हीच वेळ द्राक्षाच्या काढणीची. माणसे बागेत, गोठ्याकडे फक्त धारेपुरते. मग लस मे महिन्यावर जाते आणि पहिला पाऊस पडतो तेव्हा तिला दोन आठवडेसुद्धा झालेले नसतात. काढणी सुरू होण्याआधी, जानेवारीच्या मध्यालाच तारीख धरून ठेवा.

ही लस दर मेडिकलवर मिळत नाही, आणि लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलाच्या राष्ट्रीय मोहिमेतही ती नाही. मागणी आधी नोंदवावी लागते. एक बाटली बऱ्याच जनावरांची असते आणि वितळवल्यावर उरलेली ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतले, वस्तीवरचे चार-पाच गोठे मिळून एकच दिवस ठरवा. जनावरांची मोजणी कानातल्या बारा अंकी बिल्ल्यानुसार करा, "साधारण वीस-पंचवीस" असे सांगू नका.

## टप्पा ३: गोठा आणि गोचीड, लसीच्या तीन आठवडे आधी

थायलेरिया पसरवणारा गोचीड म्हणजे हायलोमा. तपकिरी अंग, लांब आणि पट्टेरी पाय. तो आयुष्यभर गायीच्या अंगावर राहत नाही. रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीच्या भेगेत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा गायीवर चढतो. मादी भेगेतच हजारोंनी अंडी घालते. गायीवर कितीही फवारा, भेगा तशाच राहिल्या तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गोठ्यात जा. गव्हाणीच्या मागची भिंत, खांबाचा बुंधा, पत्र्याखालच्या लाकडाचे सांधे, भिंतीला लावून रचलेल्या गोवऱ्या, सगळीकडे हळूहळू प्रकाश फिरवा. एका गोठ्यात दगड-मातीच्या भिंतीतली बोटभर रुंद भेग मी खिळ्याने उकरली, तर आत एकावर एक बसलेले गोचीड निघाले. एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले, आणि त्यांच्याखाली तपकिरी अंड्यांचा चिकट पुंजका. मालक तीन वर्षे त्याच भिंतीला गाय बांधत होता.

क्रम असा ठेवा:

१. गोवऱ्या, फाटकी पोती, जुनी वैरण भिंतीपासून हलवा.
२. भेगा खरवडून साफ करा. वैरण आणि छप्पर लांब असेल तरच फ्लेमगन फिरवा.
३. भेगा सिमेंटने बुजवा, वरून चुना मारा. फवारणी बुजवण्याआधी करा, नंतर नाही.
४. त्याच दिवशी जनावरांवर फवारा.
५. दोन आठवड्यांनी जनावरे आणि गोठा दोन्ही पुन्हा.

गोचीड मारायचे औषध अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर एक लिटर पाण्यात २ मिली. इतर औषधांचे प्रमाण बाटलीवरून घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. मोठ्या गायीला चार ते पाच लिटर द्रावण लागते. बहुतेक जण दोन लिटरमध्ये भागवतात, पाठ ओली होते आणि जिथे गोचीड बसतात त्या जागा कोरड्याच राहतात: कानाच्या आत, मानेची पोळी, कासेचा मागचा भाग, शेपटीखाली. आधी या चार जागा, मग पाठ. "औषध लागू पडत नाही" म्हणून औषध बदलण्याआधी पाणी आणि प्रमाण तपासा.

फवारणी धार काढल्यावर करा. अंग वाळेपर्यंत वासरू पाजू नका आणि गायीला अंग चाटू देऊ नका. पुढच्या धारेआधी कास धुवा. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गायीला गोचिडासाठी देऊ नका, ते दुधात उतरते.

सावध: गोचीड बोटांत चिरडू नका. हायलोमा गोचीड माणसाला क्रायमियन-काँगो ताप देऊ शकतो. २०११ मध्ये गुजरातेत त्या तापाने माणसे दगावली आहेत. हातमोजे घालून चिमट्याने काढा आणि रॉकेलच्या डब्यात टाका.

तपासा: दुसऱ्या फवारणीनंतर सलग तीन दिवस सकाळी प्रत्येक गायीचे दोन्ही कान आणि कास बघा. फुगलेले गोचीड अजून दिसत असतील तर लसीची तारीख पुढे ढकला.

## टप्पा ४: लसीच्या सकाळची तपासणी

सर्वांत जास्त चूक इथे होते, कारण लस घेऊन माणूस दारात उभा असतो आणि सगळ्यांना घाई असते. म्हणून तपासणी लस वितळवण्याआधी करा. गोठ्यातली सगळी जनावरे तपासून, खडूने पुठ्ठ्यावर 'हो' आणि 'नाही' लिहून झाल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

गोचिडाने बाधा दिल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. या काळात गाय बाहेरून ठणठणीत दिसते. अशा गायीला लस टोचली आणि आठवड्याने ती पडली, तर गाव म्हणते लसीने पडली. ही तपासणी सगळ्या छुप्या गायी पकडत नाही, पण बऱ्याच पकडते.

ताप. सकाळी सातच्या आत, चारा-पाणी आणि चालणे होण्याआधी. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून दोन मिनिटे. शेणात रुतला तर आकडा खोटा येतो. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ किंवा वर असेल त्या गायीला आज लस नाही. दुपारी मोजू नका. उन्हाने पारा तसाही चढतो.

गाठ. खांद्याच्या हाडाच्या बरोबर पुढे, मानेच्या मुळाशी बोटांची टोके आत खुपसून मागे-पुढे सरकवा. निरोगी गायीत कातड्याखाली सरकणारी पातळ, लांबट गाठ लागते, कधी शोधावी लागते. थायलेरियात ती लिंबाएवढी, मोसंबीएवढी होते, घट्ट आणि गरम. दोन्ही बाजू तपासा, मग मांडीच्या पुढची गाठही. वासरात ही गाठ कधी लांबूनसुद्धा दिसते. हात एकदा सरावला की एका गायीला अर्धा मिनिट पुरतो.

डोळे. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गुलाबी हवा. पांढुरका, पिवळसर, किंवा वर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके असतील तर लस बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. डोळ्यातून पाणी गळणे, वासराचा डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे हेही तसेच.

गाठ मोठी आणि ताप असेल तर गाठीतून सुईने थोडा द्रव काढून काचेवर पसरवतात, जिम्सा रंग देतात आणि पांढऱ्या पेशीत थायलेरिया शोधतात. तालुक्याच्या सर्वचिकित्सालयात याची सोय विचारा. रक्ताच्या काचेपेक्षा गाठीची काच सुरुवातीच्या दिवसांत जास्त सांगते.

तपासा: 'नाही' लिहिलेल्या जनावरांसाठी दुसरी तारीख त्याच पुठ्ठ्यावर टाका. नाहीतर ती जनावरे कायमची सुटतात.

## टप्पा ५: लस आणणे आणि वितळवणे

आपल्याकडे रक्षावॅक-टी या नावाने ओळखली जाणारी ही लस द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास, गोठवलेली असते. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत येतात तशाच टाकीत. फ्रिज चालत नाही, डीप फ्रीजर चालत नाही, बर्फाची पेटी चालत नाही. घटसर्पाची लस थर्मासमधून आणतात तशी ही आणली तर ती वाटेतच मेली.

टाकी हातात आली की नायट्रोजन किती आहे ते बघा. कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घालून थोडा वेळ ठेवा, बाहेर काढून हवेत हलवा. पट्टीवर पांढरे दव जिथपर्यंत धरते तिथपर्यंत नायट्रोजन आहे. दव बोटभरच धरले तर ती टाकी घेऊन निघू नका. निफाडहून येवल्याला जाताना रस्त्यात गाडी बंद पडली तरी पुरेल एवढा हवा. बंद गाडीत टाकी नेताना काचा उघड्या ठेवा, कारण नायट्रोजन हवेतला प्राणवायू बाजूला सारतो. टाकी उभी, बांधून.

वितळवण्याआधी सगळी मांडणी करा: ३७ अंशांचे कोमट पाणी (थर्मामीटरने मोजलेले, हाताने चाचपलेले नाही), लसीसोबत आलेले द्रावण बर्फाच्या पेटीत, निर्जंतुक कोरड्या सिरिंज, प्रत्येक जनावराला वेगळी सुई. हातमोजे आणि चष्मा घाला. नायट्रोजनमधून काढलेली बाटली क्वचित फुटते.

१. टाकीतून एकच बाटली काढा. बाकीच्या आतच राहू द्या.
२. कोमट पाण्यात हळूहळू फिरवा. बर्फाचा शेवटचा खडा नाहीसा होईपर्यंतच. पुढे पाण्यात ठेवू नका.
३. बाटली पुसून कोरडी करा, मग उघडा.
४. सोबतच्या द्रावणातच मिसळा. सलाइन, डिस्टिल्ड पाणी चालत नाही.
५. बाटली आडवी-उभी करून हलके मिसळा. खळखळ हलवली तर पेशी फुटतात.
६. लगेच बर्फाच्या पेटीत, उन्हापासून लांब. बाटलीवर सांगितलेल्या वेळेत संपवा.

सावध: एकदा वितळलेली लस पुन्हा नायट्रोजनमध्ये ठेवू नका. सिरिंज उकळून वापरत असाल तर पूर्ण थंड आणि कोरडी. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिटचा थेंबही आत राहता कामा नये.

## टप्पा ६: टोचणे

मात्रा ३ मिली, कातडीखाली, मानेच्या बाजूला. वासराला आणि मोठ्या गायीला मात्रा तीच. "एवढी मोठी गाय, जास्त द्या" असे म्हणून वाढवू नका.

जागा स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करा. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर ते पूर्ण उडेपर्यंत थांबा. कातडीची चिमट धरा, सुई त्या खिशात घाला, मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा आणि हळूहळू सोडा. बाटली दर चार-पाच जनावरांनंतर हलके उलटीपालटी करा, पेशी तळाशी बसतात. पहिल्या गायीला पातळ आणि शेवटच्या गायीला गाळ, असे होऊ देऊ नका.

त्याच वेळी जंताचे औषध, कॅल्शियम, व्हिटॅमिन असे काही टोचू नका. लस टोचायला आलेला माणूस म्हणाला तरी नाही म्हणा.

वहीत लिहा: बिल्ल्याचे शेवटचे चार अंक, तारीख, बाटलीवरचा बॅच क्रमांक, सकाळचा ताप. पुढे काही झाले तर याच चार गोष्टी डॉक्टर आधी मागतात.

## टप्पा ७: पुढचे सहा आठवडे

लसीतल्या पेशी दुसऱ्या गायीच्या असतात. आपल्या गायीचे शरीर त्यांना परके म्हणून हाकलते, पण तोवर परजीवी आपल्या गायीच्या पांढऱ्या पेशींत गेलेला असतो आणि शरीर त्याच्याशी लढायला शिकत असते. हे शिकणे आठवड्यात संपत नाही. सहा आठवडे गाय अर्धवट तयार आहे असेच समजा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याच हातून एक चूक झाली. लस टोचून चार-पाच दिवस झालेल्या कालवडीला खोकला होता. मी वही न बघता ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिले. कालवड दोन दिवसांत बरी झाली, मालक खूश झाला. जुलैत तिला थायलेरिया झाला, गाठी मोसंबीएवढ्या, पापणी कागदासारखी पांढरी. ती वाचली नाही. लस टोचलेली होती, फक्त तिला काम करायला आम्ही दिवस दिले नव्हते. तेव्हापासून मी लस टोचलेल्या जनावराच्या दावणीला लाल चिंधी बांधतो. डॉक्टर कोणीही येवो, सुट्टीवरचा बदली माणूस येवो, चिंधी दिसली की तो विचारतो.

या काळात टाळायचे:

- बुपार्व्हाक्वोन. ते थायलेरियाचेच औषध, लसीतला परजीवी थेट मारते.
- टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक, लांब पल्ल्याची तर नक्कीच. स्तनदाह झाला तर डॉक्टरांना लसीची तारीख सांगा, ते दुसऱ्या गटातले निवडतील.
- स्टेरॉइड. ती शरीराची शिकण्याची ताकदच दाबतात.
- लांबचा प्रवास, विक्री, शिंगे कापणे.

गोचिडांची फवारणी मात्र चालू ठेवा. अंगावरच्या फवाऱ्याने लस मरत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखाद्या गायीला हलका ताप, टोचलेल्या बाजूची खांद्यापुढची गाठ थोडी मोठी, दूध जरासे कमी, असे दिसू शकते. ते दोन-तीन दिवसांत ओसरते. सातव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी ताप मोजून वहीत लिहा. वीस गायी असतील तर वीस मिनिटांचे काम आहे.

## टप्पा ८: तरीही ताप चढला तर

१०४ च्या वर ताप सलग दोन दिवस, दोन्ही बाजूंच्या गाठी मोठ्या, रवंथ बंद, पापणी फिकट: ही लसीची प्रतिक्रिया समजून थांबू नका. डॉक्टरांना बोलवा, जवळ कोणी नसेल तर १९६२ वर फिरते पथक मागा. गाठीची आणि रक्ताची काच उपचाराआधी घ्यायला सांगा.

थायलेरिया निघाला तर उपचार करायचेच, मग लस वाया गेली तरी चालेल. बुपार्व्हाक्वोन २.५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे नेहमीच्या बाटलीतले २० किलोला १ मिली, मानेच्या स्नायूत खोल. ४०० किलोच्या गायीला २० मिली होतात. ते एका जागी न देता दोन जागी वाटतात. ४८ ते ७२ तासांनी पुन्हा द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. वजन अंदाजाने कमी धरणे ही इथली नेहमीची चूक. छातीचा घेर टेपने मोजून काढा. दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही तेही तिथेच विचारून वहीत लिहा.

उशीर झाला तर औषध परजीवी मारते, पण रक्त आधीच संपलेले असते. तिसऱ्या दिवशी दिलेले इंजेक्शन आणि आठव्या दिवशी दिलेले इंजेक्शन यात गाय उभी राहणे आणि न राहणे एवढा फरक पडतो. बरी झालेली गाय पुढे बराच काळ परजीवी अंगात बाळगते, म्हणून तिची दावण लस न टोचलेल्या वासरांपासून लांब ठेवा.

## बाहेरून गाय आणली तर

लोणीच्या बाजारातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली होल्स्टिन गाय विकणारा "सगळ्या लसी झाल्यात" म्हणून देतो. थायलेरियाची तारीख आणि बॅच दाखवता आला नाही तर झालेली नाही असे धरा.

पहिल्याच दिवशी, गोठ्यात नेण्याआधी, चार जागांचे गोचीड काढा आणि फवारा. तीन आठवडे वेगळी बांधा, रोज ताप मोजा. एकविसाव्या दिवशी गाठ, डोळे, ताप ठीक असतील तर टप्पा ४ पासून सुरू करा. गाय गाभण असेल तर महिने मोजा. सातवा लागला असेल तर लस पुढे ढकला. ती विऊन सावरेपर्यंत, तिच्या दावणीमागच्या भिंतीतल्या भेगा दर पंधरा दिवसांनी टॉर्च लावून बघत राहा.